आधीपासूनचा आजार

सलूनवाले काका म्हणजे खाजगी विम्याचे कट्टर भक्त! गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा टेकवून विचारायचे, “सरकारचं फुकटातलं औषधपाणी घेणार तू?” कोण बापडा ‘हो’ म्हणणार! आणि आता काकूच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तर विमा कंपनीतली मुलगी म्हणते, “पैसे मिळणार नाहीत.” तिने काकांचाच जुना फॉर्म पुढे सरकवला. ‘आधीपासूनचा आजार’ या रकान्यात काकांनी झोकात लिहिलं होतं, ‘बायको’. “अगं पोरी, गंमत केली होती!” “काका, आधीपासूनचा आजार विम्यात बसत नाही.” शेवटी सरकारी हॉस्पिटलच्या लांबलचक रांगेत दोघं उभी राहिली. तिथल्या फॉर्मवर असला रकानाच नव्हता, फक्त नाव आणि नातं. काकांनी काकूचं नाव लिहिलं आणि पेन अडलं. काकूलाच त्यांनी हळूच विचारलं, “अगं, इथे ‘बायको’ लिहिलेलं चालेल ना?”