वरचा सूर

नैरोबीच्या हॉटेलात गोव्याहून आलेल्या कायतानचा ट्रम्पेट आणि त्याच्या धाकट्या भावाचे, इनासचे बोंगो सुरू झाले, की गोरे साहेबही माम्बो नाचायला उठत. हल्ली मात्र दुपारच्या झोपेनंतर कायतानला आपल्या ट्रम्पेटचं तोंड ओलं लागे. भाऊच ते चोरून वाजवतो, आपली जागा घेणार, असा संशय त्याला पोखरू लागला.

एकदा झोपेचं सोंग घेऊन पडलेला तो उठून इनासच्या मागे चर्चच्या मागच्या खोलीपर्यंत गेला. आत इनास ट्रम्पेट फुंकत होता आणि वरचा सूर फाटत होता.

"माझी जागा हवी तुला?"

इनास दचकला. "दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं मला. तुझे पुढचे दात टिकणार नाहीत, मग वरचा सूर लागणार नाही. तुझा सूर चुकला, तर मी मागून दुसऱ्या ट्रम्पेटवर वाजवीन. कुणाला कळणार नाही."

"आणि पुढे कधी येशील?"

"तू म्हणशील तेव्हा."

कायतानने भावाची हनुवटी वर उचलली. "श्वास पोटातून घे," तो म्हणाला.