चाळीसपैकी तीन

"चाळीसपैकी तीनच उत्तरं बरोबर आली, वहिनी," तंत्रज्ञ म्हणाला. "सव्वीस लागतात. त्याहून कमी म्हणजे नुसता अंदाज, आत कुणी जागं नाही. श्वासाचं यंत्र बंद करायला तुमची सही हवी."

खाटेवर निश्चल पडलेला तिचा नवरा हेरंब डोक्यावरच्या तारांच्या जाळीतून फक्त 'हो' किंवा 'नाही' कळवू शकत होता. सव्वीसच्या खाली यंत्र बंद, हा नियम चाचणीआधी त्यालाही वाचून दाखवला होता.

"सव्वीस कुणी ठरवले?" अनघाने विचारलं.

"कॉम्प्युटरने दहा हजार वेळा चाळीस-चाळीस नाणी उडवून पाहिली. नुसत्या नशिबाने सव्वीस क्वचितच जुळतात."

"आणि तीनच जुळले, असं किती वेळा झालं?"

त्याने पडद्यावर शोधलं. "एकदाही नाही. पण नियमात तसं काही विचारत नाहीत."

अनघाने कागद हातात घेतला. त्याचं स्वतःचं नाव, मुलीचं नाव, आईचं गाव, सगळं चूक. अंदाजाने निम्मं तरी बरोबर आलं असतं. इतकं चुकायला प्रत्येक उत्तर ठाऊक असावं लागतं.

मग तिने बरोबर आलेले तीन प्रश्न शोधले. तिन्ही तिच्याबद्दलचे होते. तेवढं खोटं त्याला बोलवलं नव्हतं.

तंत्रज्ञाला काही न सांगता तिने सही केली.