शॉर्टसर्किटचं बटण

चाचणीच्या खोलीचा नियम साधा होता: इन्व्हर्टरचा कंट्रोल प्रोग्रॅम ज्याने लिहिला, त्यानेच मुद्दाम शॉर्टसर्किट करणारं बटण दाबायचं आणि बाकीच्यांनी काचेमागे थांबायचं. आज बटणापाशी मुलगी होती. काचेमागे, व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या नॉबवर हात ठेवून, तिचे वडील.

त्यांची सगळी हयात जुन्या पद्धतीत गेली होती. करंट उसळला की त्याला ताळ्यावर आणायचं. मुलीचा कंट्रोल मात्र करंट पुढे कुठे जाणार ते आधीच ताडून त्याला वेसण घालायचा.

"आणि ताडलेलं चुकलं तर?" त्यांनी सकाळी चहा पिताना विचारलं होतं.

"तर मोठा आवाज होईल," ती म्हणाली होती.

मागे एक इन्व्हर्टर फुटला होता, त्याचा काळा डाग भिंतीवर अजून होता. तिने बोट पुढे नेलं तसं वडिलांनी त्या डागाकडे पाहिलं.

खट्. हिरवा दिवा लागला. काचेमागे टाळ्या पडल्या आणि वडिलांचा जीव भांड्यात पडला.

मुलगी स्क्रीनवरच्या आलेखाकडे बघत राहिली. मग काचेमागे आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, पूर्ण व्होल्टेजवर करंट इतका सावकाश चढत नाही. व्होल्टेज अर्धंच दिलंत ना?"

त्यांनी मान खाली घातली.

"पुन्हा घेऊ. या वेळी नियम मोडू, बटण तुम्ही दाबा," तिने नॉबवरचा त्यांचा हात अलगद बाजूला केला. "व्होल्टेज मी देते, पूर्ण. बघा, माझा हात अर्ध्यावर थांबणार नाही."