कोपरावरचे हेल्मेट

हँडलवरच्या कॅमेऱ्यात रस्ता थरथरत असे, म्हणून अनयने तो हेल्मेटच्या हनुवटीवर बसवला. बाबांना रोज मागे बसवून तो ज्या रस्त्याने नाहूर स्टेशनला जाई, तो आईला स्वच्छ दाखवायचा होता. बाबा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती.

व्हिडिओ नितळ आला. संध्याकाळच्या उन्हात मोटरसायकलची सावली तिरकी पुढे धावत होती. अनयच्या सावलीमागे आणखी एक डोके होते, आणि कोपराला लटकलेले हेल्मेट.

"आजही हातातच," आई हळूच म्हणाली. "किती वेळा सांगितलं यांना, डोक्यात घाला."

"आई, मी एकटाच होतो गं."

तिने दाराआडच्या खुंटीवरून बाबांचे हेल्मेट काढून त्याच्या हाती दिले. वर्षभर त्याला कोणी हात लावला नव्हता.

ते उन्हाने तापलेले होते.