थोरल्याची अम्मी
थोरला जन्मला आणि शिवणकाम करणाऱ्या त्या बाईचं स्वतःचं नाव कायमचं मागे पडलं. त्यांच्यात रीतच तशी. थोरल्याचं नाव घेऊन पुढे ‘ची अम्मी’ लावायचं. मशिदीमागच्या अख्ख्या गल्लीत तिला दुसरी हाक नव्हती. शेजारीण तर अशी बोंबलायची, की बंदरावर क्रेन चालवणाऱ्या थोरल्यालाही ऐकू जावं. आज अम्मी त्याच्या कामावरच्या नव्या शर्टावर नाव भरत बसली होती: आधी त्याचं, मग बापाचं, मग आजोबांचं, आडनाव त्यांच्यात नव्हतंच. बापाच्या नावावर सुई आली आणि दारातून शेजारणीनं हलकेच तिला तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारली. मागे बंदरावरचा मुकादम मान खाली घालून उभा होता. अम्मीनं सुई थांबवली नाही. “आधी रोजच्यासारखी हाक मार गं, मग काय ते सांग.” शेजारणीच्या तोंडून थोरल्याचं नाव काही निघेना.