टाकी परत गेली

फोन वाजला, आणि विमलाबाईंनी दार सताड उघडून उंबऱ्यातच खुर्ची टाकली. दार उघडं असलं की बेल कुणी वाजवत नाही.

आत गॅलरीत दीपमाला फोन कानाला लावून गॅसच्या रिकाम्या टाकीवर बसली होती. दुसरीकडे कुठं बसणार? कोथरूडच्या त्या दोन खोल्यांत रेंज यायची ती फक्त गॅलरीच्या कोपऱ्यात, आणि सकाळी चहा उकळता उकळता संपलेली टाकी विमलाबाईंनी नेमकी तिथंच सरकवून ठेवली होती.

"येस सर, गुड आफ्टरनून सर," ती म्हणाली आणि बसल्या बसल्या ओढणी सारखी केली. फोनवर कोण बघतंय! पण केली.

यवतमाळची पोरगी. इंजिनिअर झाली, हिंजवडीतल्या एका कंपनीचं पत्रही हातात पडलं, आणि मंदी आली. कंपनी म्हणाली, थांबा. मग म्हणाली, येऊच नका. तेव्हापासून विमलाबाईंकडे पेइंग गेस्ट राहून रोज अर्ज करतेय. आता वडलांनी निक्षून सांगितलं होतं: ही मुलाखत शेवटची, नाही जमलं तर रविवारी न्यायला येतो, सामान बांधून ठेव. मागची मुलाखत छान चालली होती, तर ऐन प्रश्नात कुकरनं शिट्ट्यांचा सपाटा लावला. "स्वयंपाक चाललाय का मॅडम?" असं म्हणून पलीकडचे साहेब हसले, आणि पोरगी जी गडबडली ती गडबडलीच. कुकर लावला होता विमलाबाईंनी. माफीबिफी मागायची त्यांच्याकडे पद्धत नाही. त्या दिवसापासून भात मात्र पातेल्यात शिजायला लागला.

आत इंग्रजी धो धो सुरू झालं. वरच्या मजल्यावरची बाई विरजण मागायला आली, तिला विमलाबाईंनी नुसत्या नजरेनं परत पाठवलं.

आणि जिन्यात आवाज आला. ठण्. ठण्. खांद्यावर भरलेली टाकी घेऊन, कठड्याला आपटत, एजन्सीचा भैरू वर येत होता.

"मावशी, टाकीऽ—"

विमलाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "ओरडू नकोस. आत मुलाखत चाललीय."

भैरूनं टाकी अलगद, अगदी अलगद खाली टेकवली. तरी ठण् झालंच. विमलाबाईंनी डोळे गच्च मिटले. आतला आवाज अडला नाही.

"रिकामी द्या, लगीच जातो," भैरू कुजबुजला.

"रिकामीवर मुलगी बसलीय."

"आँ?"

"बसलीय म्हटलं ना. त्यावर बसूनच मुलाखत देतेय."

भैरूनं मान लांब करून पाहिलं. दीपमाला टाकीवर ताठ बसली होती आणि मोकळ्या हातानं हवेत काहीतरी समजावून सांगत होती.

"उठवा की जरा."

"आणि साहेबांना काय सांगू? टाकीवाला आलाय, जरा दम खा?"

"रिकामी मिळाल्याबिगर भरलेली ठेवता येत न्हाई, मावशी. खाली टेम्पो उभा हाय. आता गेलो तर पुढल्या आठवड्याबिगर यायचो न्हाई. समदीकडं टंचाई हाय."

विमलाबाईंनी त्या भरलेल्या टाकीकडे पाहिलं. तिच्यासाठी एजन्सीत जाऊन त्या दोनदा भांडून आल्या होत्या. दारात आलेली टाकी परत पाठवणारी बाई अख्ख्या कोथरुडात शोधून सापडायची नाही.

तेवढ्यात आतला आवाज थांबला. एकदम गप्प. काहीतरी अवघड विचारलं असणार. विमलाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. भैरूही श्वास रोखून उभा राहिला. त्याचं काय अडलं होतं कोण जाणे.

"सर, कॅन आय एक्सप्लेन विथ ॲन एग्झाम्पल?"

आणि सुटली की पोरगी! विमलाबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गाडी घाट चढून गेली एवढं बरोबर कळलं.

"घेऊन जा," त्या भैरूला म्हणाल्या.

"मावशी, पुन्ना इचार—"

"ऐकू येत नाही का तुला? घेऊन जा. आणि जिन्यात आपटू नकोस."

भैरूनं टाकी पुन्हा खांद्यावर घेतली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणीच जिना उतरून गेला.

थोड्या वेळानं गॅलरीतून अशी काही किंकाळी आली की वरची बाई विरजणाची वाटी घेऊन पुन्हा खाली धावली.

"काकूऽ! बलावलं न मले! गुरुवारी, हिंजवडीले! शेवटचा राउंड हाये, काकू!" आनंदात तिचं पुण्याचं मराठी कुठल्या कुठं पळालं होतं. तिनं विमलाबाईंना खुर्चीसकट मिठी मारली, आणि तशातच यवतमाळला फोन लावला. "बाबा, रविवारी येऊ नोका! मी काई सामान बांधत नाई!"

"अगं हो, हो. नोकरी लागली नाहीये अजून. नुसतं बोलावलंय," विमलाबाई मिठीतून सुटत म्हणाल्या. पण वरच्या बाईला त्यांनी आज विरजण वाटीभर दिलं.

दीपमाला स्वयंपाकघरात नाचतच शिरली. "काकू, आज शिरा मी करणार! रवा कुठं आहे?"

विमलाबाई खाली बसून दडपे पोह्यांसाठी नारळ खवत होत्या. फोडणी वगळली की त्याला गॅस लागत नाही.

"हे काय? टाकी येणार होती न आज? आलीच नाही?"

"आली होती."

"मग?"

"परत पाठवली." विमलाबाईंनी खोबरं पोह्यांवर पसरलं. "म्हटलं, आत्ता नको. आम्ही मुलाखतीत आहोत."