टोकन घेऊन आलेला नवरा

शारजातल्या एका बँकेत क्रेडिट कार्डाच्या काउंटरवर वीणा नुकतीच लागली होती. २००२ सालची गोष्ट. एका सकाळी टोकन हातात धरून समोर येऊन बसला तो तिचाच नवरा, मुरलीधर. "तुला नोकरीची गरजच काय?" असं वर्षभर म्हणणारा.

त्यानं आपलं दुसऱ्या बँकेचं क्रेडिट कार्ड हळूच पुढे सरकवलं. "नुसतं व्याज भरतोय गं. मुद्दल हलतच नाही. घरी बोलायला जीभ रेटेना, म्हणून इथं आलो."

वीणानं आवाज ऑफिसचाच ठेवला. "सगळी बाकी आमच्या कार्डावर घेऊ. सहा महिने व्याज नाही. मात्र तेवढ्यात फेडायची. आणि हे कार्ड आत्ताच कापायचं."

तिनं कात्री पुढे केली. त्यानं कार्डाचे दोन तुकडे केले आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

तो उठला तेव्हा रांगेतल्या एकानं विचारलं, "भाईसाब, मॅडम ठीक से समझाती हैं क्या?"

"बहुत अच्छा," मुरलीधर सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला. "पूछने में मैंने ही देर कर दी. बीवी हैं मेरी!"